चष्म्यावरची वाफ

संध्याकाळी आमची सौ. दुधीच्या सुपाचा वाडगा तोंडाजवळ नेते आणि तिच्या चष्म्यावर वाफ धरते. ती चष्मा पुसत नाही. वाफ विरेपर्यंत थांबते. तेवढ्यात मी माझ्या पोळीवर तुपाचा दुसरा चमचा सोडून घेतो.

"वाफ चष्म्यावर आहे हो, नाकात नाही," ती शांतपणे म्हणते.

गुडघ्यांमुळे तिला जमिनीवर बसता येईना. गेल्या दिवाळीत तिने खुर्चीतून सुनेला रांगोळी सांगितली, पण डोळे सारखे स्वतःच्या बोटांकडे जात होते. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. तेव्हापासून तिचं रात्रीचं जेवण म्हणजे हे सूप. सोबत म्हणून मीही तीन दिवस प्यायलो. त्याने भूक इतकी छान लागली की वर दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या.

ती मात्र आम्हां सगळ्यांच्या पोळ्या लाटते, भाजते, तो खरपूस वास सोसते आणि मग हात धुऊन त्या फिक्या हिरव्या वाडग्यासमोर बसते, सणाच्या ताटासमोर बसावं तशी. निग्रह म्हटलं की मला डोंगरातले साधू आठवायचे. तो निग्रह आमच्या ओट्यापाशी पोळ्या लाटतो, हे उशिरा कळलं.

काल सूप उकळत ठेवून ती मेथी निवडायला चक्क खाली बसली. ती उठताना मी सवयीने हात पुढे केला. ती तळवा टेकून आपली आपण उठली. माझा हात तसाच अधांतरी.

"आता रिकामाच आहे, तर हे धरा," म्हणत तिने सूप वाडग्यात ओतून तो माझ्या हातात ठेवला.

वाडगा तोंडाजवळ नेताच माझ्याही चष्म्यावर वाफ धरली. मी ती पुसायची घाई केली नाही.