कुंडीतला पुरावा

शब्दकोशाच्या कचेरीत रुजू झाली त्या दिवशी टंकलेखिकेला वाटलं, इथे झाडं बोलतात. दाराशी कुंडीत छातीएवढं सुईदार झाड उभं होतं आणि त्याने तिला खडसावून विचारलं, "चपला पुसल्यात का?" तिची पर्स पडली, डबा पडला, ती स्वतः पडता पडता वाचली. मग फांद्यांमागून एक टक्कल उगवलं. ते कचेरीतल्या सगळ्यांच्या काकांचं होतं.

काकांकडे बावीस वर्षं कोशातल्या झाडांच्या नोंदी होत्या. कचेरीचा नियम असा की वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लिहायचा नाही. ('गेंडा' लिहायला गेलेले गृहस्थ अजून रजेवर होते.) म्हणून 'स्प्रूस' या इंग्रजी शब्दासाठी काकांनी झाडच आणून ठेवलं होतं. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. आपल्या सहीची एक तरी नोंद कोशात जावी, एवढीच त्यांची आस. त्यांच्या बाकीच्या सगळ्या नोंदी संपादकबाईंनी खोडल्या होत्या.

"लिही गं पोरी. प्रशिया नावाचा मुलूख होता. जुन्या इंग्रजीत त्याला 'प्रूस' म्हणत. तिकडून फळ्या यायच्या, कातडं यायचं. येईल ते 'प्रूसकडचं'. शेवटी नाव झाडाच्या गळ्यात पडलं."

"आणि सुरुवातीचा 'स'?"

"तो कुठून आला, कुणालाच नीट ठाऊक नाही. पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला! आता तो मुलूख नकाशावर नाही, झाड मात्र उभं आहे. लिही : सदाहरित वृक्ष."

टंकलेखिकेची बोटं थांबली. "काका, हे तर तपकिरी आहे."

होतंच. काका आतिथ्यशील, रोज दोनदा आपला अर्धा चहा ते झाडाला पाजत. साखरेसकट.

बाई आल्या. "दिसतं तेच लिहायचं, काका."

"अहो, ते आजारी आहे!"

"मग बरं होऊ दे."

"शुक्रवारपर्यंत?"

बाईंनी चष्मा पुसला आणि आपल्या टेबलाकडे गेल्या.

तीन दिवस काका भिंग घेऊन एक तरी हिरवी सुई शोधत होते. शुक्रवारी चार वाजता टंकलेखिका ओरडली, "सापडली!"

काकांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "हा प्लास्टिकच्या झाडूचा हीर आहे. आणि डिंक ओला आहे."

तिने मान खाली घातली. काकांनी भिंग खिशात टाकलं, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि चपला पुसून घरी गेले.

कोश पुढच्या वर्षी छापून आला. त्यात 'स्प्रूस : एक झाड' एवढंच आहे. खाली सही बाईंची.