आजींच्या तांब्यातलं पाणी

अक्का कोणाच्याही घरी गेल्या की चहा नाकारायच्या. "चहा सगळेच चांगला करतात. आजींच्या तांब्यातलं पाणी द्या," म्हणायच्या, आणि ते खरोखर प्यायच्या. पाणी कधीचं आहे, तांब्या खाटेपासून किती लांब ठेवलाय, तो शोधायला घरच्यांना किती वेळ लागतो, एवढ्यावरून त्यांना घर कळायचं.

त्या मूळच्या शिंदखेड्याच्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या आणि मेहरूणला आमच्या गल्लीत राहायला आल्या. घरचे ज्यांना नीट सांभाळत नाहीत अशा म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या प्रांत ऑफिसात तक्रारीचा अर्ज द्यायला जायच्या. साहेबांशी शुद्ध मराठी, बाहेर बाकावर बसलेल्या आजीशी अहिराणी. त्यांचे अर्ज मी टाइप करायचे. घराच्या पुढच्या खोलीत माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. 'जेवणखाण व पाणी वेळेवर देत नाहीत' हे वाक्य मला पाठ झालं होतं.

म्हाताऱ्या माणसाने 'हो' म्हटल्याशिवाय त्या अर्ज पुढे नेत नसत. बरेचदा 'हो' यायचंच नाही. जामनेरच्या एका बाबांचा मुलगा माझ्या दुकानातच तडकला, "आम्ही काय मारतो का त्यांना?"

"मारत नाहीस?" अक्का म्हणाल्या. "मग सत्कार करू तुझा. शाल कोणत्या रंगाची आणू?"

बाबा घाईने म्हणाले, "पोऱ्या चांगला शे मना. ऱ्हाऊ द्या."

ते गेल्यावर अक्कांनी मला विचारलं, "'चांगला शे' म्हणताना बाबा कोणाकडे बघत होते? मंगल, माणूस काय बोलतं ते तू टाइप कर, पण बघतं कुठे तेही बघत जा." शालीचा किस्सा मी पुढे आठवडाभर गल्लीत रंगवून सांगितला.

तीन वर्षं त्या दुकानात येत होत्या, पण आत घरात कधी आल्या नाहीत. गरज वाटली नसावी. मे महिन्यात एकदा संध्याकाळी वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडला. अक्का घामाघूम झाल्या होत्या. "चल, तुझ्या सासूबाईंना भेटते," म्हणत आत गेल्या आणि सवयीने म्हणाल्या, "आजींच्या तांब्यातलं पाणी दे गं."

तांब्या फ्रिजवर होता. पालथा. कोरडा.

"कितीला पालथा घालतेस?"

"पाचला," मी सांगितलं. लपवावंसं काही आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. "सकाळी चादर ओली असते, अक्का. दुकान, स्वयंपाक, त्यात रोजची चादर कोण धुणार? पाचनंतर पाणी बंद केलं, प्रश्न मिटला."

अक्कांनी सासूबाईंचा हात हातात घेतला आणि मनगटाजवळची कातडी चिमटीत धरून सोडली. अंगात पाणी कमी पडलं की राहते, तशी कातडीची घडी उभीच राहिली. मला वाटलं आता बोलतील. त्या सासूबाईंकडे वळल्या. "माय, अर्ज करू का? मी शे ना."

सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नही वं. मनी सून चांगली शे."

मी स्वयंपाकघरात गेले, तांब्या विसळला, भरला. हात थरथरत होते असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं काही झालं नाही. अक्कांनी हे गल्लीत कोणाला सांगितलं तर काय, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. लाज नंतर आली. ती आली ती गेली नाही.

अक्कांनी कोणाला सांगितलं नाही. अर्ज मात्र दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. त्या स्वतः रोज पाचला यायच्या, सासूबाईंच्या तांब्यातलं पाणी प्यायच्या, त्यांच्याशी अहिराणीत हसतखिदळत बसायच्या आणि निघून जायच्या. मी चहा विचारायचं सोडून दिलं. वर्षभराने त्या भाच्याकडे शिंदखेड्याला गेल्या आणि तिथेच वारल्या.

चादरीचा प्रश्न दहा मिनिटांचा होता. खाली मेणकापड घातलं, झोपण्याआधी सासूबाईंना धरून एकदा मोरीपर्यंत नेलं, मिटला. हे मला आधीही सुचू शकलं असतं.

सासूबाई पुढे दोन वर्षं होत्या. तांब्या त्यांच्या उशाशी, कायम भरलेला. "घ्या ना, तुमचाच आहे," मी कितीदा म्हटलं असेल. तरी शेवटपर्यंत तांब्याला हात लावण्याआधी त्या एकदा माझ्याकडे बघायच्या.