लंकाबाईच्या परड्यातला हिवाळा

पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या कडेला असलेल्या वस्तीवर लंकाबाईचं घर. लग्न होऊन आली त्याच वर्षी ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली आणि मग दरवर्षी जातच राहिली. दिवाळी झाली की भांडीकुंडी गाडीत टाकायची, श्रीगोंद्याकडं उसाच्या फडाजवळ राहायला पाचटाची कोपी घालायची, ऊन तापलं की परतायचं. घरामागच्या परड्यात तिनंच लावलेला शेवगा थंडीत पांढराशुभ्र फुलतो, हे तिला ऐकून ठाऊक होतं. पाहिलं कधीच नव्हतं.

औंदा गुडघ्यांनी दगा दिला. नवरा गहिनीनाथ, मुलगा आणि सून गाडीत बसून गेले, ती दारात उभी राहिली. सुरुवातीला घर खायला उठायचं. मग ती मागच्या दारी गोणपाट टाकून बसू लागली. फुटक्या माठाच्या बुडात तिनं पाणी ठेवलं, त्यावर पाखरं यायला लागली. त्यांची भांडणं बघता बघता दुपार सरायची. सातभाई साळुंक्यांना हुसकायचे, काळा कोतवाल साळुंकीच्या चोचीतला किडा पळवायचा, खार सगळ्यांवरच चिडलेली असायची. जास्वंदीत बुलबुलांनी घरटं केलं, तेव्हा तर ती धुणंसुद्धा दुसरीकडं वाळत घालू लागली.

पिल्लं निघाली आणि एका दुपारी परड्यात एकच कालवा उठला. लंकाबाई भाकरी तव्यावर टाकून धावली. जास्वंदीवर धामण चढत होती.

शेजारची सत्यशीला काठी घेऊन कुंपणाशी आली. "मावशे, सर बाजूला. मारते तिला."

"थांब," लंकाबाई हळूच म्हणाली. "वर बघ."

बुलबुलांची जोडी ओरडत होतीच. सातभाईंचा थवा खालच्या फांद्यांवर उतरला, साळुंक्या आल्या. खार शेवग्याच्या बुंध्यावर उलटी लटकून चिरचिरत होती. कोतवाल वरून सूर मारायचा, धामणीच्या पाठीवर टोचायचा आणि पुन्हा वर जायचा. सकाळी घोटभर पाण्यावरून भांडलेली ती पाखरं एका सापाभोवती जमली होती. त्यांना कुणी बोलावलं होतं?

धामणीनं एक पिल्लू उचललंच. दुसऱ्याकडं तोंड वळवताना मात्र कोतवालानं असा झपाटा मारला, की ती फांदीवरून सुटून धपकन खाली पडली आणि काट्याच्या कुंपणात शिरली.

सत्यशीलेच्या हातातली काठी केव्हाच खाली टेकली होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी लंकाबाईला तिथून हलवेना.

बुलबुल मादी उरलेल्या पिल्लांवर जाऊन बसली. थोड्या वेळानं पाण्यावर पुन्हा भांडणं सुरू झाली.

संध्याकाळी फडातून गहिनीनाथाचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आपल्या परड्यात?"

"व्हय."

गुढीपाडव्याच्या सुमाराला तो परत आला, तोवर पिल्लं उडून गेली होती. तरी सकाळी चहाची कपबशी घेऊन तो तिच्या शेजारी गोणपाटावर बसला. माठाच्या बुडाशी सातभाई उतरले. गहिनीनाथ देवळात बोलावं तसं हळू बोलला.

"हे रोज असतं?"

"रोज असतं. आपुनच न्हवतो."

त्यानं कपबशी आवाज न करता खाली ठेवली. चहा निवला तरी दोघं हलले नाहीत.