लाल शाई गप्प बसेना

शाळेतून निवृत्त झाली त्या संध्याकाळी आत्याने सगळी लाल पेनं कचऱ्यात टाकली आणि जाहीर केलं, "यापुढे मला कुणी गणित विचारायचं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्या. आता मी लोकरीचे चौकोन विणणार आणि त्यांचं पांघरूण करणार."

गल्लीत तिला 'लाल शाई' म्हणत. दुकानदाराच्या बेरजेपासून पत्रिकेतल्या तारखेपर्यंत काहीही चुकलेलं दिसलं की हिच्या जिवाची घालमेल. पण शब्दाची पक्की. शिकवणी मागायला आलेल्या सगळ्या आयांना तिने दारातूनच वाटेला लावलं.

पंचाईत झाली घरातल्याच भाचीची. बहुपदी आणि घातांकी फलांच्या पेपरात ती सपशेल आपटली होती. सोमवारी फेरपरीक्षा. तीही गेली तर विज्ञान शाखा बंद, आणि जनावरांची डॉक्टर व्हायचा बेत गुंडाळून ठेवायचा.

"आत्या, एकच उदाहरण."

"नाही."

"अर्धं?"

"तुझ्या बापाला विचार."

"विचारलं. ते म्हणाले, मीच तुझ्या आत्याचं बघून लिहायचो."

आत्याने लोकर हिसडली.

त्याच दिवशी भाची मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "सोप्पं आहे गं. एक्स वर्ग गुणिले एक्स घन म्हणजे एक्सचा सहावा घात."

"पाचवा!" न्हाणीघरातून आरोळी आली. "घातांकांची बेरीज करतात, गाढवे!" आणि पाठोपाठ नळ धो धो सुटला.

भाचीला किल्ली सापडली. ती घरभर मोठ्याने चुका करत हिंडू लागली. पण आत्याही काही कच्ची नव्हती. एका चुकीवर एकदाच ओरडायची. बावळट चुकीवर तर नुसतं नाक मुरडायची. चांगली, दर्जेदार चूक हवी असेल तर पुस्तक उघडून बसायला लागायचं. आधी उदाहरण बरोबर सोडवायचं, शहाणा माणूस कुठे घसरेल ते शोधायचं, आणि नेमकं तिथेच घसरायचं. जेवायला हाक आली तरी भाचीला ऐकू जाईना.

रविवारी आत्या दोरीवरच्या चादरी काढत असताना भाची म्हणाली, "एक्सचा वर्ग काय नि दोनचा एक्सवा घात काय, सारखंच. एक्सला दोन घेतले तर दोन्हीकडे चार, चार घेतले तर दोन्हीकडे सोळा."

"हे टोक धर," आत्या खेकसली. "माझ्या पांघरुणाच्या एका बाजूला एक्स चौकोन, तर सगळे मिळून एक्सचा वर्ग. आणि चादरीला एक घडी घातली की दोन थर, दुसरी घातली की चार. दर घडीला दुप्पट. तीन घेतले तर पांघरूण पुढे. पाच घेतले तरी पांघरूणच पुढे."

"काहीतरीच काय! पाचाचा वर्ग पंचवीस, आणि पाच घड्यांचे बत्तीस थर. तिथून पुढे चादरच पळणार. चुकलीस, आत्या!"

चादरीपलीकडून खुदखुद ऐकू आली.

"मुद्दाम चुकले गं. तू कधीपासून मुद्दाम चुकते आहेस? खरंच चुकणाऱ्या पोरीच्या आधीच्या पायऱ्या इतक्या सुबक नसतात."

"कळलं होतं, तर ओरडत का होतीस?"

"विणून विणून जीव विटलाय माझा. पण हे घरात बोललीस, तर बघ."

भाची चांगल्या गुणांनी पास झाली. घरात ती काही बोलली नाही. मैत्रिणीला तेवढं सांगितलं.

दोनच दिवसांनी जिन्यात कुणीतरी घसा ताणून पाठ करू लागलं, "दोनचा शून्यावा घात शून्य! तीनचा शून्यावा घात शून्य!"

आत्याने भाचीकडे रोखून पाहिलं. भाची अगदी मन लावून छताकडे बघत होती. पाचाचाही शून्य झाला तेव्हा आत्याने लोकर सोफ्यावर फेकली आणि ताडकन दार उघडलं.

"एक! सगळ्यांचा एक! वर ये, कारटे, आणि येताना पेन आण!"