हिरामण नानांची कपात

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं सोपं नव्हतं. सांगून आता काही व्हायचं आहे, असंही नाही. नुसता कंटाळा आलाय, गप्प राहण्याचा.

धरणगावच्या एका जिनमध्ये मी पगार वाटणारा कारकून होतो. कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा तो कारखाना. हिरामण नाना तिथले इंजिन-मिस्तरी. पगार बरा, म्हणून इन्कम टॅक्स लागू झालेला. पगारी माणसाचा कर मालकानेच कापून सरकारात भरायचा, अशी रीत. वर फंडाचे पैसे कापले जायचे ते वेगळे. नाना दर पगाराला कुरकुरायचे, मी हसायचो. ज्याची कपात होते तो कारखान्याचा माणूस, कामावर त्याला इजा झाली तर मालक भरपाईला बांधलेला — हे मला ठाऊक होतं. त्यांना कुठून असणार?

लढाईच्या दिवसांत शेठनी ठरवलं, मिस्तरीला ठेक्यावर घ्यायचं. काम तेच, इंजिन तेच, फक्त पगारी नाही. मला बोलावून म्हणाले, "समजावून सांग. पण फार समजावू नकोस."

मी नानांना सांगितलं की आता कपात बंद, पैसे सगळे हातात. कर मात्र वर्षाअखेर तुमचा तुम्ही भरायचा. नानांनी बोटांवर हिशेब केला. मग विचारलं, "आखो काही शे का, भाऊ?"

मी म्हणालो, "दुसरं काही नाही."

का म्हणालो? शेठ काही दाराआड उभे नव्हते. नोकरी जाईल ही भीती होती, पण खरं सांगू का — त्या क्षणी भीतीपेक्षा आळसच जास्त होता. दुपार झाली होती, मला घरी जेवायला जायचं होतं. संध्याकाळी नानांनी खुशीने जिनभर जिलबी वाटली. मीही खाल्ली.

पुढच्या हंगामात इंजिनाच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात सापडला. मनगटापासून गेला. शेठ म्हणाले, ठेकेदाराची भरपाई कसली? शेवटी नाना भुसावळला लेकीच्या घरी राहिले आणि तिथेच वारले. बातमी आली तेव्हा — सांगायला लाज वाटते — मला सुटल्यासारखं वाटलं.

पण हेही सगळं नाही. इथवरचं तर एखादवेळी कुणाला सांगितलंही असतं. खोटं बोललो, भ्यालो, आळस केला — माणसं समजून घेतात. त्याच्या पुढचं आहे ते.

हात गेल्यावर महिनाभराने नाना माझ्या घरी आले होते. सोबत त्यांच्या घरच्या, अक्का. भांडायला नव्हते आले. नानांनी एवढंच विचारलं, ठेक्यावर गेलं की भरपाई मिळत नाही, हे तुम्हाला माहीत होतं का?

हो म्हणायचं होतं मला. तोंडही उघडलं होतं. आणि मी म्हणालो, "नाना, तेव्हा सगळं सांगितलं होतं की मी तुम्हाला. विसरलात?"

नाना माझ्याकडे बघत राहिले. आठवून पाहत होते, अगदी मनापासून. मी असं खोटं बोलेन हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. अक्का त्यांच्यावर उखडल्या, "तुमना ध्यानमा काही राहस का? घर बुडाडं तुम्ही!" नानांनी मान खाली घातली.

"मन्हं चुकनं, भाऊ," ते म्हणाले. "तुमले उगाच तरास दिधा."

आणि मी म्हणालो, "असू द्या, नाना. होतं असं."

माफ केलं मी त्यांना.