हातात दिलेला माईक

सलीमभाऊ गेले. आणि सगळ्यात आधी त्यांना श्रद्धांजली वाहिली ती त्यांच्या पोटावर पाय देणाऱ्या कंपनीने.

आज सकाळी कंपनीच्या पेजवर पोस्ट आली. 'आमच्या परिवाराचे जुने सहकारी.' खाली जोडलेले हात आणि एक जुना फोटो.

फोटोत मांडव आहे. सलीमभाऊ ॲम्प्लिफायरपाशी बसलेत आणि मधोमध एक बाई माईक धरून उभी आहे. कॅप्शन काय, तर 'संवादाची परंपरा.'

ती बाई माझी आई आहे.
म्हणून लिहितेय. नाहीतर मी गप्पच बसले असते.

सलीमभाऊ म्हणजे पोंभुर्ण्याची साऊंड सर्व्हिस. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, ट्रकची बॅटरी, सगळं लुनावर बांधून जंगलातल्या गावोगावी जायचे. आमच्याकडे लग्नाची तारीख आधी त्यांना विचारायचे, मग सोयऱ्यांना.

त्यांचा एक नियम होता. माईक एकदा कुणाच्या हातात दिला, की त्या माणसाने स्वतःहून परत देईपर्यंत बंद करायचा नाही.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मामाने मोहाची चढवली आणि माईक धरून गायला लागला. पंगती उठल्या, गाणं संपेना. सगळे ओरडले, भाऊ, बंद करा हो!

भाऊ शांतपणे विडी ओढत म्हणाले, "बंद कसा करू? त्यानं परत देल्लाच नाई."

हे आमच्या सगळ्या पट्ट्यात माहीत होतं. कंपनीच्या साहेबांना तेवढं माहीत नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. प्रकल्पाआधी गावाला विचारायचं, जनसुनावणी घ्यायची, असा नवा नियम आला होता. कंपनीला आमच्या नाल्याकाठी कोल वॉशरी काढायची होती. म्हणजे कोळसा धुवायचा कारखाना.

कंपनीने नियम अगदी मनापासून पाळला. मांडव घातला, पंखे लावले, पुरी-भाजी आणि जिलबी ठेवली. प्रकल्पाचा अहवालही ठेवला, इंग्रजीत, जिल्ह्याच्या कचेरीत. प्रकल्पाचं कौतुक करायला माणसं ट्रकने आली. ती कुठली होती, आम्हाला आजही ठाऊक नाही.

माईकला अर्थातच सलीमभाऊ. कंपनीच्या खाणीवरचे सगळे कार्यक्रम तेच करायचे. घर त्यावरच चालायचं.

मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीत घरी आलेली. आणि आई बोलायला उठली. तिने कधी ग्रामसभेतही तोंड उघडलं नव्हतं.

सलीमभाऊंनी तिच्या हातात माईक दिला.

आधी ती गोंडीत बोलली. मग साहेबांना कळावं म्हणून मराठीत.

"साहेब, कोळसा धुवाचं पानी तुमी कुठी सोडान? तेवढंच सांगा. आमचा धान त्याच नाल्यावर आहे."

साहेब म्हणाले, रोजगार मिळेल.

"ते आयकलं. पानी कुठी सोडान?"

साहेब म्हणाले, शाळा बांधू.

"बांधा ना. पानी कुठी सोडान?"

मांडवात हसू फुटलं. साहेबांनी आपल्या एका माणसाला डोळ्याने खुणावलं. तो भाऊंच्या कानाशी आला, "बंद कर रे."

"साहब, माईक बाईच्या हातात आहे."

तो तावातावाने गेला आणि कंपनीचा जनरेटर बंद केला. पंखे थांबले. साहेब लोक घामाघूम झाले.

आईचा आवाज तसाच चालू. भाऊंचा भोंगा बॅटरीवर होता.

शेवटी साहेब तिच्या बोलण्यातच उठले, सुनावणी संपली म्हणाले आणि जीपमध्ये बसले. आई माईक धरून उभीच राहिली. भाऊंनी वायर गुंडाळली, भोंगे उतरवले आणि तिच्यापाशी आले. तिने माईक पुढे केला.

"राहू द्या, बाई. तुमचं बोलनं कुठी झालं? झालं की द्या."

परवानगी मिळाली. 'ग्रामस्थांनी प्रकल्पाचे स्वागत केले' असं इतिवृत्तात आलं. वॉशरी सुरू झाली आणि आमचा नाला काळा पडला. धानाच्या शेतांत, बांध्याबांध्यांत, काळा गाळ बसला.

सलीमभाऊंना कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. कंपनीच्या ठेकेदारांनीही नाही. तरी लग्नं होती, भागत होतं.

मग आवाजाचा नवा नियम आला. भोंग्याला पोलिसांची लेखी परवानगी. चांगला नियम आहे, माझी तक्रार नाही. पण आमच्या तालुक्यात तो पहिल्यांदा लागू झाला सलीमभाऊंना, आमच्याच गावातल्या एका लग्नात. भोंगे, ॲम्प्लिफायर, बॅटरी, सगळं जप्त. तक्रार कंपनीच्या कॉलनीतून गेली होती, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

त्या वेळी वॉशरीचा क्रशर गावाच्या उशाशी धडधडत होता. चोवीस तास. त्याचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही.

सामान परत मिळालं ते पाणी शिरलेलं, गंजलेलं. त्यानंतर भाऊ बल्लारपूरला दुसऱ्याच्या दुकानात पंखे दुरुस्त करत बसले. कधी भेटले तर एवढंच विचारायचे, "बाईचं झालं का बोलून?" आणि हसायचे. मला ते हसणं सहन व्हायचं नाही.

आज बातमी कळल्यावर आईने पेटीतून माईक काढला. फडक्याने पुसला. "त्याच्या घरी देऊन येतो," म्हणाली.

निघताना मी तिला कंपनीची पोस्ट वाचून दाखवली. परिवार, सहकारी, संवाद, सगळं. 

"त्यात लिवलं हाये का, पानी कुठी सोडलं ते?"

"नाही."

"मंग कायले परत देऊ?"

तिने माईक पुन्हा फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला आणि रिकाम्या हाताने भाऊंच्या घरी गेली.

सलीमभाऊ, भावपूर्ण वगैरे कंपनीने लिहिलंच आहे. माझा नुसता सलाम घ्या.

बाईचं बोलून झालेलं नाही.