संदर्भ हवा

रेणुकादास निटूरकर नांदेडच्या एका कॉलेजातून २०१५ साली सहायक ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लिहायला लागले. हा ज्ञानकोश कुणीही लिहावा, कुणीही दुरुस्त करावा असा. पगार नाही, पानावर नाव नाही. पत्नी चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, दिवसभर भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरंच आहे.

त्यांना तिथले नियम आवडले. जे लिहाल त्याला भरवशाचा, तिऱ्हाइताने छापलेला आधार द्यायचा. मला ठाऊक आहे, एवढ्याने भागत नाही. स्वतःबद्दल, घरच्यांबद्दल, आपल्या धंद्याबद्दल लिहायचं नाही. अशा विषयाशी गाठ पडलीच तर नातं उघड सांगायचं आणि निकाल दुसऱ्यावर सोडायचा. नवे लोक या नियमांवर वैतागायचे. रेणुकादासांना उलट हायसं वाटायचं. तिथं मनातलं कुणी विचारत नव्हतं. भोकरची बाजारपेठ, नायगावची लोकसंख्या, इस्लापूरजवळचा धबधबा, अशी शंभरेक पानं त्यांनी गॅझेटियर आणि जनगणनेची पुस्तकं शेजारी ठेवून नीट केली.

निलंगा तालुक्यातल्या कवठाळीच्या पानाला मात्र त्यांनी दोन वर्षं हात लावला नव्हता. ते त्यांचं गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात ते बसलं. आई, थोरले भाऊ, वहिनी आणि धाकटी बहीण भार्गवी, चौघंही माळवदाच्या माती-दगडाखाली गेली. रेणुकादास तेव्हा नोकरीवर, नांदेडात. भावाचा पाच वर्षांचा श्रीनाथही त्यांच्याकडेच होता. महालक्ष्म्यांच्या सणाला गावी गेले असता पोराला ताप भरलेला दिसला, रजा तर संपलेली, म्हणून डॉक्टरला दाखवायला ते त्याला घेऊन आले होते. तो मग कायमचाच राहिला.

गावी पोचल्यावर काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. रडलेही नाहीत. आठव्या दिवशी ते कॉलेजात हजर झाले आणि पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवू लागले. श्रीनाथ दहा वर्षांचा असताना एकदा त्याने विचारलं होतं, भूकंप झाला तेव्हा मी कुठं होतो? ते म्हणाले, नंतर सांगू. पुन्हा त्याने विचारलं नाही.

शेवटी २०१७ साली त्यांनी कवठाळीचं पान उघडलं. सरकारी अहवालातून मृतांचा आकडा टाकला, दोनशे चौदा. पुनर्वसनाचं नवं गाव कुठं झालं ते टाकलं. आणि शेवटी एक वाक्य घातलं, गावातली बालवाडी भार्गवी निटूरकर चालवत असत. दोन दिवसांनी त्या वाक्यापुढे खूण लागली, संदर्भ हवा. खूण लावली होती भोकरच्या एका शाळेत शिकवणाऱ्या साक्षीने, तीही ज्ञानकोशातली जुनी संपादक. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. रेणुकादासांनी भूकंपानंतरच्या महिन्यांतली वर्तमानपत्रं कॉलेजच्या ग्रंथालयात बसून चाळली. पुढाऱ्यांचे दौरे होते, मदतीच्या याद्या होत्या. बालवाडी कुठंच नव्हती. त्यांनी स्वतःच्या हाताने ते वाक्य काढलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, आधार मिळाला नाही. आकडा राहिला.

श्रीनाथ तोवर लातुरात नावारूपाला आला होता. आधी दुसऱ्याच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवलं, मग स्वतःचा क्लास काढला. मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीला नांदेड, परभणी, पार सोलापूरहून पोरं यायची. २०१९ च्या जूनमध्ये ज्ञानकोशात त्याच्या नावाचं पान उगवलं. क्लासच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या सत्यमने ते लिहिलं होतं. रेणुकादासांनी वाचलं. 'मराठवाड्याचे शिक्षणरत्न' वगैरे होतंच. पुढे होतं, पाच वर्षांच्या श्रीनाथला भूकंपात आत्या भार्गवी यांनी अंगाखाली घेऊन वाचवले. अठरा तासांनी जवानांनी त्याला ढिगाऱ्यातून बाहेर काढले. आत्या गावात बालवाडी चालवत असत. खाली संदर्भ होता, एका दैनिकाची चार पानी पुरवणी.

ते वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. बालवाडी छापून आली होती. आधार मिळाला होता.

चंद्रप्रभाबाई चहा घेऊन आल्या. पडद्यावर वाचून उभ्याच राहिल्या. "त्याला तर आपल्या पलंगावर घाम फुटून ताप उतरला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहा ना, की हे खोटं आहे."

"माझं सांगणं तिथं धरत नाहीत."

"मग कुणाचं धरतात?"

त्यांनी ती पुरवणी मागवून घेतली. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'जाहिरात विभाग' असं होतं. म्हणजे तो मजकूर क्लासने पैसे देऊन छापवलेला; तिऱ्हाइताचा नव्हे. ती पुरवणी कवठाळीच्या पानावरच्या बालवाडीच्या वाक्यालाही चालणार नव्हती. रेणुकादासांनी चर्चेच्या पानावर चार ओळी लिहिल्या. हे पान स्वतःच्या प्रसिद्धीसाठी आहे, एकमेव आधार जाहिरातीचा आहे, विषय असलेली व्यक्ती माझी पुतण्या आहे, म्हणून मी मत देणार नाही. मग 'माझी' पुसून 'माझा' केलं.

साक्षीने सात दिवस थांबून पान काढून टाकलं. भूकंपाची हकिगत खरी की खोटी, हा प्रश्न निघालाच नाही. तिने त्यांना निरोप पाठवला की काका, तुमच्या आठवणी तुम्ही वेगळ्या लिहून छापा, चांगल्या संस्थेने काढल्या तर कुणीतरी आधार म्हणून घेईल. त्यांनी आभार मानले. लिहिलं काही नाही.

पुढच्या रविवारी श्रीनाथ गाडी घेऊन आला. चपला काढून पाया पडला, काकूंना आंबे दिले. सत्यमने त्याला चर्चेची ती चार ओळींची नोंद दाखवली होती. तो आवाज चढवून बोलला नाही. म्हणाला, स्पर्धा लई वाढून राहिली काका, सगळेच लिहून घेतात, पालक इंटरनेटवर बघतात. रेणुकादास म्हणाले, बरोबर आहे.

"मग तुम्हाला काय खटकलं? आत्याचं नाव आलं म्हणून?"

"तू तिथं नव्हतास, श्रीनाथ."

तो हसल्यासारखा झाला. मग हसू गेलं. "मला आठवतं ना काका. अंधार, तोंडात माती. मी दर बॅचला सांगतो."

"तुला ताप होता. माझ्याकडे होतास. इथं, आतल्या खोलीत."

श्रीनाथ आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही कधी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

"मग आत्या? तिने मला..."

"तिने तुला एसटीत बसवून दिलं. खिडकीतून पेढ्याचा पुडा दिला. ती शेवटची भेट."

श्रीनाथने विचारलं, आत्या कशी होती? रेणुकादास आठवू लागले. भराभर चालायची. बालवाडीच्या पोरांची नाकं आपल्या पदराने पुसायची, त्यावरून आई बोलायची. एवढं सांगून ते थांबले. पुढे आवाज यायला हवा होता, तिचं बोलणं. तो आला नाही. सव्वीस वर्षांत तो केव्हा गेला हे त्यांना कळलं नव्हतं. वाईट वाटायला हवं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी वाट पाहिली. तेही आलं नाही.

चारला श्रीनाथ निघाला. सोमवारची बॅच होती.

क्लासच्या त्या वर्षीच्या जाहिरातीच्या फ्लेक्सवर ती हकिगत राहिली, ते छापून झाले होते. पुढच्या वर्षी नुसते गुण आणि पोरांचे फोटो आले. ज्ञानकोशात पुन्हा पान टाकायचा प्रयत्न त्याने केला नाही. पण तो महिन्यातून एकदा नांदेडला यायला लागला. जेवण झालं की एखादी गोष्ट विचारायचा. बाबा सायकल चालवायचे का? आईला कुठलं गाणं यायचं? रेणुकादास आठवेल तेवढं सांगायचे. आठवत नसेल तर नाही म्हणायचे, अंदाजाने भर घालायचे नाहीत. मग तो गेला की ते नायगावच्या पानावर बसत. तिथं दोन जनगणनांचे आकडे जुळत नव्हते.